पाळतीवरचे दादासाहेब

अमरावतीत नवीन आलेल्या पोराला पहिल्या पंधरा दिवसांत काही नावं आपोआप पाठ होतात. राजकमल, पंचवटी, इर्विन चौक आणि खापर्डे बगीचा. ऑटोवाला विचारतो, आपण मान हलवतो आणि भाड्याच्या घासाघिशीत हे खापर्डे कोण होते ते विचारायचं राहूनच जातं. माझंही तसंच झालं. मी मूळचा अकोल्याचा. घरी आजी गजानन विजय ग्रंथाचं पारायण करते, त्यामुळे हे नाव लहानपणीच कानावरून गेलेलं. पंधराव्या अध्यायात लोकमान्य टिळक शिवजयंतीच्या सभेसाठी अकोल्याला येतात, गजानन महाराज त्या सभेला हजर असतात, आणि पुढे टिळकांवर खटला झाल्यावर खापर्डे कोल्हटकरांना शेगावला पाठवतात अशी कथा आहे. पण पोथीतले खापर्डे आणि बगीच्याचे खापर्डे एकच, हे कळायला मला थर्ड इयर उजाडावं लागलं.

कळलं तेही एका भांडणामुळे. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेरे लावायचे ठरले आणि त्या रात्री आमच्या विंगमध्ये दोन वाजेपर्यंत वाद झाला. एका पार्टीचं म्हणणं, ज्यानं काही केलंच नाही त्यानं कॅमेऱ्याला कायले घाबरायचं? दुसऱ्या पार्टीचं म्हणणं, कॅमेरा आमच्यावर नजर ठेवणार ते ठीक, पण कॅमेऱ्यामागे बसणाऱ्यावर कोण नजर ठेवणार? उत्तर कोणाकडेच नव्हतं. पुढच्या आठवड्यात लायब्ररीत मॅगझिनच्या लेखासाठी जुनी पुस्तकं चाळत होतो, तर हाच प्रश्न आपल्या अमरावतीच्या एका वकिलाने १९१८ साली थेट व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विचारला होता, असं सापडलं. वकिलाचं नाव गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे.

दादासाहेबांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, वऱ्हाडातल्या इंग्रोळी गावचा. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती म्हणून नाव गणेश. शिक्षण वऱ्हाड-नागपूरकडे आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७७ मध्ये बी.ए. आणि १८८४ मध्ये एलएल.बी. झाले. त्या काळी वऱ्हाडात कायद्याची पदवी घेतलेला माणूस शोधून सापडायचा नाही, त्यामुळे सरकारने लगेच नोकरी दिली. १८८५ ते १८९० अशी पाच वर्षे ते मुन्सफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होते. म्हणजे सरकारच्या खुर्चीत बसून कायदा कसा दिसतो हे त्यांनी आधी पाहून घेतले. मग खुर्ची सोडली आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

वकिली अशी चालली की विचारू नका. पैसा आला, घोडागाड्या आल्या, वाडा पाहुण्यांनी कायम भरलेला. लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. नाटकाचा भारी शौक. मराठी नाट्यसंमेलन १९०५ मध्ये पहिल्यांदा मुंबईत भरले, त्याचे अध्यक्ष हेच. बोलण्यात विनोदी, कोर्टात आणि सभेतही समोरच्याला हसवत हसवत गारद करणारे. आपल्या मनात देशभक्त म्हटलं की खादी, उपास आणि तुरुंग असं चित्र येतं. दादासाहेब त्यात कुठेच बसत नाहीत आणि कदाचित म्हणूनच पाठ्यपुस्तकात त्यांना जागा मिळाली नसावी.

आता १८९७ सालाकडे येतो, कारण माझ्या मते गोष्ट तिथून सुरू होते. पुण्यात प्लेग, रँडचा खून, आणि त्या पाठोपाठ सरकारने दोन प्रकारे लोकांना उचलले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. तो खटला कसा का असेना, निदान खटला तरी होता. आरोप वाचला गेला, वकील उभा राहिला, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी मधल्या काळात जामीनही दिला. पण पुण्याच्या नातू बंधूंना मात्र १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली नुसते उचलून डांबले. आरोप नाही, खटला नाही, कोर्ट नाही. सरकारला वाटले म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन आपल्या अमरावतीत भरले. अध्यक्ष मद्रासचे वकील शंकरन नायर आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब. टिळक तेव्हा तुरुंगात होते. बिनाखटल्याच्या या कैदेचा अमरावतीच्या मंडपात निषेध झाला. आज आपण ज्या गावात पाणीपुरी खात फिरतो तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी देशभरचे लोक जमून हे बोलत होते, यावर आधी माझा विश्वासच बसेना!

टिळक आणि दादासाहेब हे नाते नेता-अनुयायी असे नव्हते, ते मैत्रीचे होते. सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा दादासाहेब टिळकांच्या बाजूला उभे होते. १९०८ च्या एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, टिळकांनी केसरीत त्यावर लिहिले आणि २४ जूनला त्यांना मुंबईत अटक झाली. या खटल्यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अटकेनंतर पोलिसांनी टिळकांच्या पुण्यातल्या घराची झडती घेतली. तिथे एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांसंबंधीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. बस्स, एवढेच. पुस्तके नाहीत, स्फोटके तर नाहीतच. टिळकांचे म्हणणे असे होते की सरकार स्फोटकांचा नवा कायदा करत आहे, त्यावर लिहायचे म्हणून पुस्तकांची नावे टिपून ठेवली. पण ते कार्ड पुरावा म्हणून ज्युरीपुढे गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर, कोणीतरी आपली सर्च हिस्टरी काढून ती न्यायाधीशासमोर ठेवली! कागद खराच होता, पण त्याचा अर्थ कोण लावतो आणि कुठल्या हेतूने, सगळा खेळ तिथे होता. ज्युरी सात विरुद्ध दोन अशी फुटली, आणि २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते.

दादासाहेबांनी त्यानंतर जे केले ते दुसऱ्या कोणी केले असते असे मला वाटत नाही. चालती वकिली बंद केली आणि ऑगस्ट १९०८ मध्ये बोटीत बसून सरळ लंडन गाठले. वय ५४. कशासाठी, तर प्रिव्ही कौन्सिलात टिळकांचे अपील दाखल करायला. त्या काळी हिंदुस्थानातल्या सगळ्या कोर्टांच्या वरचे हे कोर्ट लंडनमध्ये बसत असे. अर्ज नामंजूर झाला. माणूस परत यायला हवा होता, पण ते दोन वर्षे तिथेच थांबले. पार्लमेंटचे सभासद, वर्तमानपत्रवाले, मंत्र्यांची ऑफिसे, सगळीकडे हेलपाटे घातले. पदरमोड किती झाली असेल याचा हिशेब आपण करू शकत नाही. नवाबी तिथून उतरणीला लागली ती कायमची.

आणि लंडनमध्ये पाळत होती. तेव्हा तिथे इंडिया हाऊस होते, सावरकर होते, बिपिनचंद्र पाल होते. डिसेंबर १९०८ मध्ये कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी लोकांची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी दादासाहेब बसले. अशा सभांमध्ये कोण आले, कोण काय बोलले, याची टिपणे सरकारपर्यंत पोचत. स्कॉटलंड यार्डचे लोक इंडिया हाऊसवर नजर ठेवून असत. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर तर हिंदी माणसांच्या हेरगिरीसाठी लंडनमध्ये वेगळे खातेच उभे राहिले. हिंदुस्थानात असे खाते १९०४ पासून होतेच. आता गंमत बघा. दादासाहेब बॉम्बवाले नव्हते. ते तिथे गेले होते कायद्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर अर्ज द्यायला, म्हणजे जे सरकारच सांगते की असे करा, तेच करायला. तरी संशयितच. कोर्टात गेलेला माणूससुद्धा संशयित असेल तर संशय नसलेला माणूस म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न मला पडतो.

१९१० मध्ये ते परत आले. टिळक मंडालेला होते आणि आता दादासाहेबांचा नंबर अशी धास्ती घरच्यांना आणि मित्रांना होती. त्या डिसेंबरात ते पहिल्यांदा शिर्डीला गेले, साईबाबांच्या दर्शनाला. पुन्हा गेले ते ६ डिसेंबर १९११ ला, आणि राहिले १५ मार्च १९१२ पर्यंत. शंभर दिवस! वकिली बसलेली, डोक्यावर संसार, तरी बाबा परत जायची परवानगी देत नव्हते म्हणून थांबले. हा काळ त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवला आहे. दादासाहेब आयुष्यभर इंग्रजीत रोजनिशी लिहीत, आणि शिर्डीचा भाग वेगळा छापलाही गेला आहे. तो वाचला तर सकाळची काकड आरती, बाबा आज काय बोलले, दुपारी पंचदशीचं वाचन, संध्याकाळी दिवे, असं शांत शांत चाललेलं दिसतं. राजकारणाचा शब्द जवळजवळ नाही. एके ठिकाणी मात्र बाबांचं एक बोलणं नोंदलं आहे, की गव्हर्नर भाला घेऊन आला होता, बाबांनी त्रिशूळ घेऊन त्याच्याशी झुंज घेतली आणि त्याला परतवून लावले. दादासाहेब लिहितात की बाबांची भाषा रूपकाची असते, अर्थ लावणे अवघड. मला तर वाटतं त्यांना अर्थ चांगलाच कळला होता.

या रोजनिशीवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. शिर्डीत दादासाहेबांच्या आसपास साधुवृत्तीचा एक माणूस वावरत असे, हिमालय-मानसरोवर फिरून आलेला म्हणवणारा. दादासाहेब त्याला मान देत, त्याच्याशी अध्यात्मावर बोलत. तो सरकारचा खबऱ्या होता असे नंतर बाहेर आले. भक्त देवाच्या दारी बसलाय आणि शेजारी बसलेला त्याची खबर लिहून पाठवतोय. ती कोरी कोरी रोजनिशी मग वेगळीच दिसायला लागते. हा माणूस काही लपवत होता असं नाही. पण आपलं वाचलं जाईल ही शंका आली की माणूस स्वतःच्या वहीतही जपून लिहायला लागतो. कोर्टात यावर दावा तरी काय लावणार? कोणी मारले नाही, डांबले नाही, दार फोडले नाही. काही झालेच नाही. पाळतीचा त्रास हाच आहे की ती कोर्टापुढे येतच नाही.

जेव्हा येते तेव्हा काय होऊ शकते, हे चार वर्षांनी दिसले. टिळक १९१४ मध्ये सुटून आले. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली आणि दादासाहेब तिच्या कमिटीत होते. टिळकांनी बेळगावला आणि अहमदनगरला भाषणे केली. सभेत सी.आय.डी.चे लघुलेखक बसलेले असत, ते शब्द न् शब्द टिपत. त्या टिपणांवरून सरकारने टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा मुचलका मागितला. नोटीस बजावली ती नेमकी त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला, २३ जुलैला! पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन असा हुकूम दिला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले, टिळकांतर्फे बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषणातला एखादा तुकडा नको, भाषण सबंध वाचा आणि मग ठरवा, असा त्यांचा रोख होता. म्हणजे पोलिसांनी जमवलेला माल तोच, कागद तेच, पण वाचणारा तटस्थ आला आणि निकाल फिरला. १९०८ चे पोस्टकार्ड आणि १९१६ चे लघुलेखन शेजारी शेजारी ठेवून बघा. न्यायाधीश कोण आणि तो किती मोकळा, याने केवढा फरक पडतो!

सरकारनेही यातून धडा घेतला, फक्त उलटा. न्यायाधीश नडतो ना, मग न्यायाधीशच नको. महायुद्ध संपत आले होते आणि युद्धकाळातले खास अधिकार संपणार होते. म्हणून न्यायमूर्ती सिडनी रौलट यांची समिती नेमली. तिचा अहवाल १९१८ च्या उन्हाळ्यात बाहेर आला. क्रांतिकारकांना साधे कोर्ट आणि साधा पुरावा पुरत नाही, म्हणून वेगळे अधिकार हवेत, असे तिचे म्हणणे. तो बहुतांशी पोलिसांनी आणि गुप्त खात्याने पुरवलेल्या माहितीवर उभा होता. आणि अध्यक्ष स्वतः न्यायाधीश.

दादासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात सभासद होते. सप्टेंबर १९१८ मध्ये सिमल्याला त्यांनी एक ठराव मांडला. रौलट अहवालावरचा विचार सध्या बाजूला ठेवावा, आणि आधी सी.आय.डी. व मध्यवर्ती गुप्तवार्ता खात्याच्या कारभाराची कसून चौकशी करावी. चौकशी करणारी समिती मिश्र असावी, त्यात सरकारी अधिकारी आणि बिनसरकारी हिंदी सभासद सारख्या संख्येने असावेत. हाच तो आमच्या विंगमधला प्रश्न. तुम्ही म्हणता या माहितीवर कायदा करा. ठीक आहे, पण माहिती गोळा करणाऱ्याला आधी तपासा ना! वाडा, लंडन, शिर्डी, सगळीकडे सावली घेऊन फिरलेल्या माणसाने हे विचारणे आणि कोणी नुसत्या तत्त्वासाठी विचारणे यात फरक आहे. सरकारी मतांचा भरणा असलेल्या त्या कौन्सिलात ठराव पडला. पडणारच होता. कोर्टात तीसेक वर्षे काढलेल्या वकिलाला केस हरणार हे मांडायच्या आधीच कळत असेल. तरी मांडली.

६ फेब्रुवारी १९१९ ला रौलट बिल आले. त्यात काय होते ते थोडक्यात सांगतो. संशयिताला सरकार हुकूम देऊ शकेल की अमुक गावातच राहा, पत्ता बदलला तर कळवा, ठरल्या वेळी पोलिसात हजेरी द्या. वॉरंटशिवाय पकडून ठेवता येईल. खास कोर्टात ज्युरी नाही आणि त्या निकालावर अपील नाही. डांबलेल्याचे प्रकरण तपासायला तीन जणांचे मंडळ, पण त्यांचे काम बंद दाराआड, आणि त्यांच्यापुढे वकील द्यायचा नाही. वकील नाही, दलील नाही, अपील नाही, असे लोक म्हणायचे ते यामुळे. नातू बंधूंना ज्या पद्धतीने उचलले तीच पद्धत आता देशभरासाठी नीट छापून येणार होती. दादासाहेबांनी विरोध केला. त्यांच्यासारखाच बिनसरकारी हिंदी सभासदांनी एकमुखाने विरोध केला, आणि १८ मार्चला ३५ विरुद्ध २० मतांनी बिल पास झाले. मालवीय, जिना आणि मझरुल हक यांनी सभासदत्वाचे राजीनामे दिले. १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली. अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष शंकरन नायर तोवर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पोचले होते, पंजाबातल्या अत्याचारांवरून त्यांनी राजीनामा फेकला. हा रौलट कायदा १९२२ मध्ये रद्द झाला.

दादासाहेबांनी मात्र कायदेमंडळ सोडले नाही, आणि इथे त्यांच्यावर टीका होते. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले, गांधीजींचा असहकार आला, वकिलांनी कोर्टे सोडावी असे ठरले. दादासाहेबांना ते पटले नाही. ते पुढे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. तरुण पोरांना ते जुनाट वाटू लागले असतील, आणि खरं सांगायचं तर मलाही वाचताना क्षणभर तसंच वाटलं. लोक रस्त्यावर गोळ्या खातायत आणि हे प्रश्न विचारत बसलेत. पण कायद्याच्या आत राहून सरकारला जाब विचारायचा, हरलो तरी कागदावर विचारून ठेवायचे, ही त्यांची आयुष्यभराची रीत होती. ती बरोबर की चूक यावर आमच्या रूममध्ये अजून एकमत नाही. १ जुलै १९३८ ला अमरावतीत ते गेले.

त्यांच्या मागे तो प्रश्न राहिला, आणि त्याला पुढे आणणारा पुन्हा वऱ्हाडातलाच वकील निघाला. यवतमाळचे काझी सय्यद करिमुद्दीन हे घटना समितीत होते. ३ डिसेंबर १९४८ ला त्यांनी दुरुस्ती सुचवली, की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे यांची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये, आणि वॉरंट योग्य कारण असल्याशिवाय निघू नये. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारायची तयारीही दाखवली होती. पण शेवटी ती घटनेत आली नाही. त्यामुळे नंतरची सगळी वाट कोर्टांना स्वतः पाडावी लागली. १९६२ मध्ये खडकसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांचे रात्री-बेरात्री घरी येऊन दार ठोठावणे घटनाबाह्य ठरवले, पण बाहेरून पाळत ठेवायला हरकत नाही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळे मत लिहिले, की पाळतीखालचा माणूस मोकळा नसतो. १९९६ मध्ये फोन टॅपिंगला नियम घातले गेले, तेही कशाच्या भोवती, तर १८८५ च्या तार कायद्याभोवती. दादासाहेबांनी सरकारी नोकरी धरली त्या सालचा हा कायदा, आणि त्याची जागा घेणारा कायदा झाला २०२३ मध्ये! मात्र टॅपिंगचा हुकूम न्यायाधीशाने नव्हे तर गृहसचिवानेच द्यायचा, ही गोष्ट कोर्टाने तशीच ठेवली. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाचे फोन टॅप करण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले.

आणि २०२१. पेगॅसस नावाचे सॉफ्टवेअर लोकांच्या फोनमध्ये घातल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की कोर्टाने गप्प बसावे, असे नाही, असे म्हणत सुप्रीम कोर्टाने २७ ऑक्टोबरला माजी न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. पाळत ठेवणाऱ्याचीच चौकशी. दादासाहेबांचा ठराव पडल्याला तेव्हा १०३ वर्षे झाली होती. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितले गेले. आपल्यापैकी जे कॉम्प्युटरवाले आहेत त्यांनी हे जरूर वाचावं, कारण अशा समितीवर उद्या इंजिनिअरच बसणार आहेत, आणि ते सॉफ्टवेअर लिहिणारेही इंजिनिअरच असतात.

दादासाहेबांच्या रोजनिश्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ब्रिटिश सरकारच्या गृहखात्याच्या राजकीय फायलीही तिथेच आहेत, ज्यात त्या काळच्या पुढाऱ्यांवरचे गुप्त अहवाल असतात. म्हणजे दादासाहेबांनी स्वतःबद्दल लिहिलेले आणि त्यांच्या मागे फिरणाऱ्यांनी लिहिलेले, दोन्ही आता एकाच इमारतीत. अर्ज भरला की दोन्ही वाचायला मिळतात.

होस्टेलच्या कॅमेऱ्यांचं सांगायचं राहिलं. ते लागले. आम्ही रेक्टर सरांना एक अर्ज दिला आहे, की फुटेज कोणी पाहिलं याची नोंदवही ठेवावी, ठरावीक दिवसांनी ते पुसावं, आणि तपासायला समिती असावी, निम्मे स्टाफचे आणि निम्मे आमचे. निम्मे-निम्मेची आयडिया कुठून आली हे सरांना सांगितलेलं नाही. हा अंक त्यांच्या हातात पडला की कळेलच.